रानसरडा : ‘निरुपयोगी’ ठरविलेल्या एका जिवाचा अभ्यास

या स्मरणिकेसाठी अभ्यासलेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून लेण्यांवर, शिलालेखांवर किंवा नाशिकच्या सत्याग्रहावर लेख येईल, अशी सर्वांची अपेक्षा असणार. त्या विषयांवर आम्ही यापूर्वी लिहिले आहे आणि पुढेही लिहू. या वेळी मात्र आम्ही एका सरड्याविषयी लिहीत आहोत. याला कारण एका विद्यार्थ्याचा प्रश्न आहे. तो प्रश्न विचारला गेला त्या क्षणी आम्हाला त्याचे उत्तर देता आले नाही. पुढे ते उत्तर शोधताना आम्ही निसर्गविज्ञानाच्या वाटेने निघालो आणि अखेर आमच्याच विषयात, म्हणजे इतिहासात, येऊन पोहोचलो. हा प्रवास माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पायऱ्यांवरचा प्रश्न

शाळा सुरू झाल्यावर नव्या विद्यार्थ्यांना त्रिरश्मी लेण्यांवर नेण्याची आपली प्रथा आहे. जूनचे दिवस होते. पायथ्यापासून लेण्यांपर्यंतच्या पायऱ्या चढताना मुलांची रांग मध्येच थांबली. एका खडकावर सरडा ऊन घेत बसला होता आणि इयत्ता सातवीतील एका मुलाने दगड उचलला होता. आम्ही त्याचा हात धरला. तो गोंधळला. “सर, सरडाच तर आहे!” तो म्हणाला. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. सरडा दिसला की दगड मारायचा, ही त्याच्या दृष्टीने रीतच होती.

आम्ही शिक्षकाला शोभेल असे उत्तर दिले. “अरे, सरडा किडे खातो. पिकांवरचे नाकतोडे खातो. तो शेतकऱ्याच्या उपयोगाचा आहे.”

मुलाने थोडा विचार केला आणि विचारले, “आणि खात नसता तर? मग मारला तर चाललं असतं?”

आम्ही निरुत्तर झालो. तीस वर्षांच्या अध्यापनात अनेक प्रश्नांनी आम्हाला अडविले आहे, परंतु या प्रश्नाने आमच्या उत्तरामागची चूकच उघडी केली. जो उपयोगाचा, त्यालाच जगण्याचा अधिकार, असे आम्ही नकळत शिकवून बसलो होतो. आणखी एक गोष्ट आम्हाला आठवली. या मुलाच्या प्रवेशाच्या वेळी त्याचे वडील मान खाली घालून म्हणाले होते की, आधीच्या शाळेत वर्गासमोर त्याला ‘हा कशाच्याच उपयोगाचा नाही’ असे सांगण्यात आले होते. ज्याने स्वतः हे शब्द ऐकले आहेत, त्याला आम्ही उपयोगितेचे तत्त्वज्ञान सांगत होतो.

हेही प्रांजळपणे नमूद केले पाहिजे की, लहानपणी आम्हीही सरडे मारले आहेत. सरडा रक्त पितो, सरडा मान हलवून माणसाला चिडवतो, सरडा अंगावर चढला तर वाईट होते, असे आम्हाला सांगितले गेले होते. आम्ही कोणालाही त्याचे कारण विचारले नाही. म्हणून त्या दिवशी वसतिगृहात परतल्यावर आम्ही ठरविले की, प्रथम सरडा म्हणजे काय हे नीट समजून घ्यावे आणि त्यासाठी केवळ आवारात दिसणारा सरडा न पाहता, ज्याला फार थोड्यांनी पाहिले आहे असा डोंगर-जंगलातला सरडा मुलांना दाखवावा.

रानसरडा कोणता?

कुंपणावर, बांधावर, शाळेच्या आवारात जो सरडा आपल्याला नेहमी दिसतो त्याला आपण या लेखापुरते ‘बागसरडा’ म्हणू. लेण्यांच्या पायऱ्यांवर भेटला तो हाच. ऊन, मोकळी जागा, झुडपे, माणसांची वस्ती हे सारे त्याला चालते. सह्याद्रीच्या दाट झाडीत मात्र त्याचा एक नातलग राहतो. त्याचे शास्त्रीय नाव ‘मोनिलेसॉरस रूक्सी’ असे आहे. आपण त्याला ‘रानसरडा’ म्हणू. गुजरातेतील डांगच्या जंगलांपासून दक्षिणेकडे सह्याद्रीच्या रांगेने तो पसरलेला आहे.

आपल्या जिल्ह्याचा भूगोल लक्षात घेतला तर त्याचे घर कोठे असेल हे समजते. नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला इगतपुरीकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तर पूर्वेला येवला-मालेगावकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. एकाच जिल्ह्यात एवढा फरक आहे. रानसरड्याला सावली, ओलावा आणि पालापाचोळा लागतो. म्हणून त्याला शोधायचे ते पश्चिमेकडील घाटमाथ्यावर, जांभूळ, हिरडा आणि आंबा यांच्या गर्द झाडीत.

जुलैच्या आरंभी आम्ही मुलांना घेऊन इगतपुरीच्या पश्चिमेकडील अशाच एका झाडीत गेलो. वाट दाखवायला जवळच्या पाड्यावरचे एक वयस्कर बाबा बरोबर होते. आमच्या हातात पुस्तक होते, तरी सरडा प्रथम दिसला तो त्यांनाच. कमरेइतक्या उंचीवर, एका ओल्या खोडाला चिकटून तो बसला होता. आम्ही सर्व जण त्याच्याकडेच पाहत होतो, तरी अर्ध्या मुलांना तो दिसेना, इतका त्याचा तपकिरी रंग सालीशी मिळून गेला होता. एक मूल पुढे सरकले तसा तो न पळता खोडाच्या पलीकडच्या बाजूला सरकला. मुले वळसा घालून तिकडे गेली तर तो पुन्हा अलीकडे आला. झाडाचे खोड हीच त्याची भिंत आणि तेच त्याचे घर, हे मुलांना कोणी सांगावे लागले नाही.

रानसरड्याची ओळख अशी सांगता येईल. तो बागसरड्यापेक्षा लहान आणि सडपातळ असतो. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुमारे साडेसहा-सात सेंटीमीटर आणि शेपटी त्याच्या दुपटीहून लांब. कानाच्या पडद्याच्या वरच्या बाजूस बारीक काटे असतात. खांद्याच्या पुढे, मानेच्या बाजूला कातडीची एक तिरपी घडी असते. ही घडी बागसरड्याला नसते, म्हणून ओळखीची ही सर्वांत चांगली खूण आहे. नराच्या गळ्याखाली कातडीची पिशवी असते. पावसाळ्याच्या सुमारास, म्हणजे विणीच्या काळात, नराच्या डोक्यावर व पाठीवर विटकरी-तांबूस रंग चढतो. मग तो खोडावर बसून मान वर-खाली करतो आणि गळ्याची पिशवी ताणून दाखवतो. दुसऱ्या नरासाठी तो इशारा असतो आणि मादीसाठी ते निमंत्रण असते. पाहणाऱ्या माणसाला चिडविण्याचा त्यात काहीही संबंध नाही.

त्याचे अन्न म्हणजे मुंग्या व इतर लहान कीटक. मादी जमिनीत लहानसा खड्डा करून त्यात अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्ले अंड्यातून बाहेर येतात तेव्हा त्यांना सांभाळणारे कोणी नसते. पहिल्या दिवसापासून शिकार त्यांनाच करावी लागते. रात्री हे सरडे फांद्यांच्या बारीक टोकांवर झोपतात. एखादा शत्रू फांदीवरून जवळ येऊ लागला तर फांदी हलते आणि झोपलेला सरडा सावध होतो.

समज आणि वस्तुस्थिती

भगवान बुद्धांनी केसपुत्त येथील कालामांना सांगितले होते की, एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने चालत आली आहे किंवा ग्रंथात आहे, एवढ्यानेच ती स्वीकारू नये, स्वतः पडताळून पाहावी. सरड्याविषयीच्या समजुतींना हीच कसोटी लावून पाहू.

सरडा रक्त पितो, ही समजूत नराच्या लाल झालेल्या गळ्यावरून निघाली असावी. तो लाल रंग विणीच्या काळातील आहे. हंगाम सरला की तो उतरतो. सरडा रक्त पीत नाही आणि तो विषारीही नाही. पकडला तर स्वसंरक्षणासाठी चावतो, एवढेच.

सरडा अंगावर चढणे किंवा पाल अंगावर पडणे यांची शुभाशुभ फळे पंचांगांतून छापली जातात. उजव्या अंगावर अमुक फळ, डाव्या अंगावर तमुक. ज्या प्राण्याचा पाय झाडावरून घसरला, त्याला आपल्या भविष्याची काय वार्ता असणार? तरीही या छापील वाक्यांपायी असंख्य सरडे आणि पाली ठेचल्या गेल्या आहेत.

‘सरड्यासारखा रंग बदलतो’ असे आपण दगाबाज माणसाला म्हणतो. यातही दोन चुका आहेत. भराभर रंग बदलण्यासाठी प्रसिद्ध असलेला प्राणी म्हणजे घोयरा, आणि तो या सरड्यांहून वेगळ्या कुळातील आहे. बागसरडा व रानसरडा यांचा रंग ऊन, थंडी, भीती आणि विणीचा काळ यांनुसार पालटतो. विणीच्या काळातील लाल रंग तर लपण्याच्या अगदी उलट आहे. तो रंग धारण केलेला नर शत्रूच्याही नजरेत भरतो. म्हणजे ज्याला आपण कपट म्हणतो, ते वस्तुतः जिवावर उदार होऊन दिसणे आहे.

आणखी एक भेद मुलांना सांगण्यासारखा आहे. घरातील पालीची शेपटी तुटते आणि पुन्हा वाढते. सरड्यांच्या या कुळात तसे सहजी होत नाही. ‘शेपटीच तर तोडली, परत येईल’ असे म्हणून जी गंमत केली जाते, ती सरड्याला जन्माचे अपंगत्व देणारी असते.

नावाचा इतिहास

आता आमच्या विषयाकडे वळू. ‘रूक्सी’ हे नाव कोठून आले? पोलिडोर रू हा फ्रान्समधील मार्सेय शहरातील निसर्ग-अभ्यासक व चित्रकार. तेथील निसर्ग-इतिहास संग्रहालयाचा तो प्रमुख होता. पूर्वेकडील देशांच्या प्रवासाला तो निघाला आणि १८३३ मध्ये मुंबईत त्याचा मृत्यू झाला. त्याच्या स्मरणार्थ द्युमेरिल आणि बिब्रों या फ्रेंच अभ्यासकांनी १८३७ मध्ये या सरड्याला त्याचे नाव दिले. युरोपातून आलेला एक अभ्यासक आपल्या किनाऱ्यावर मरण पावला आणि आपल्या डोंगरातील एका सरड्याच्या नावात उरला.

त्या काळच्या मोहिमांत जंगलाची वाट दाखविणारे, प्राणी शोधून देणारे, सामान वाहणारे स्थानिक लोक असतच. त्यांच्यावाचून कोणताही संग्रह झाला नसता. परंतु प्राण्यांना नावे देताना त्यांची आठवण क्वचितच झाली. आमच्या सहलीतही सरडा प्रथम बाबांना दिसला आणि त्याचे नाव आम्ही पुस्तकातून वाचून दाखविले. ही गोष्ट आम्ही मुलांच्या लक्षात आणून दिली.

पुढे बराच काळ हा सरडा बागसरड्याच्याच, म्हणजे ‘कॅलोटिस’ या प्रजातीत गणला जात होता. २०१८ मध्ये भारतीय संशोधकांनी शरीररचना व जनुके यांचा अभ्यास करून दाखविले की, पश्चिम घाटातील हे काही सरडे वेगळ्या गटाचे आहेत. त्या गटाला ‘मोनिलेसॉरस’ हे नाव मिळाले. लॅटिन भाषेत ‘मोनिले’ म्हणजे गळ्यातील हार. मानेजवळची ती तिरपी घडी आठवावी. या गटात चार जाती मानल्या गेल्या आणि त्यांपैकी एकीचे नाव ‘मॉन्टॅनस’, म्हणजे डोंगरातील, असे आहे.

याहून अभिमानाची गोष्ट २०१६ मध्ये घडली होती. पठारांवर राहणाऱ्या, गळ्याला पंख्यासारखी रंगीत पिशवी असणाऱ्या सरड्यांच्या एका नव्या प्रजातीला संशोधकांनी ‘सरडा’ हेच नाव दिले. लॅटिन नव्हे, ग्रीक नव्हे, आपला मराठी शब्द. त्यातील ‘सरडा सुपर्बा’ ही जाती सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावरून जगाला माहीत झाली. जो शब्द आपण शिवीसारखा वापरतो, तो आज जगभरच्या प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत सन्मानाने छापला जातो.

१८३७ : दोन घटना

रानसरड्याला नाव मिळाल्याचे वर्ष वाचून आम्ही थबकलो, कारण १८३७ हे वर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्याला दुसऱ्याच कारणासाठी पाठ असते. त्याच वर्षी कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा करून दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातील स्तंभावरील लेख वाचला. शतकानुशतके मुका झालेला सम्राट अशोक पुन्हा बोलू लागला. आपल्या जवळच्या सोपाऱ्यालाही अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत, आठव्या लेखाचा १८८२ मध्ये आणि नवव्याचा १९५६ मध्ये. परंतु आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर आहे ते दिल्लीच्या त्या स्तंभावर, पाचव्या लेखात.

राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावर अशोकाने कोणते प्राणी मारू नयेत याची यादी त्या लेखात कोरविली. त्यात पोपट आहेत, मैना आहेत, वटवाघळे आहेत, कासवे आहेत, साळिंदर आणि खार आहे. ही यादी आम्ही वर्गात अनेक वर्षे शिकवीत आलो. मुले नावे पाठ करीत आणि परीक्षेत लिहीत. परंतु यादीच्या शेवटचा भाग आम्ही कधी थांबून वाचला नव्हता. तेथे अशोक म्हणतो त्याचा आशय असा : जे चतुष्पाद प्राणी कोणाच्या उपयोगास येत नाहीत आणि खाल्लेही जात नाहीत, ते सर्व अवध्य होत.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. सत्ताधारी ज्यांचे रक्षण करतात ते बहुधा उपयोगाचे असतात. गाय दूध देते म्हणून, घोडा युद्धात लागतो म्हणून, हत्ती राजाचे वैभव म्हणून. अशोकाने मात्र जो कोणाच्याच कामाचा नाही, त्याला कामाचा नसतानाच अभय दिले. सरडा चतुष्पाद आहे, आपण त्याला खात नाही आणि गाडीलाही जुंपत नाही. बावीसशे वर्षांपूर्वीच्या त्या एका ओळीत पायऱ्यांवर बसलेला सरडा येतो. ‘आणि खात नसता तर?’ या प्रश्नाचे उत्तर तेथे कोरलेले आहे : तरीही मारू नये.

भारतीय भिक्खूसंघात पठण होणाऱ्या खंध परित्तातही साप, विंचू, गोम, कोळी, उंदीर यांच्याबरोबर ‘सरबू’ म्हणजे पाल-सरड्याचा उल्लेख येतो आणि बिनपायाच्या, दोन पायांच्या, चार पायांच्या व अनेक पायांच्या सर्व जिवांप्रती मैत्री व्यक्त केली जाते. भीती वाटणाऱ्या प्राण्याला मारण्याऐवजी त्याच्याशी मैत्रीचा भाव जोडणे, ही त्यामागची दृष्टी आहे.

आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्ये १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने समाविष्ट झाली. त्यात लागोपाठ दोन कर्तव्ये येतात. पहिले, निसर्गाचे रक्षण करणे आणि सजीवांविषयी करुणा बाळगणे. त्याच्या पुढचे, वैज्ञानिक दृष्टिकोन आणि चौकसपणा विकसित करणे. ही दोन्ही शेजारी आहेत, हे आम्हाला अर्थपूर्ण वाटते. चौकसपणा नसेल तर करुणा ऐकीव गोष्टींपुढे टिकत नाही, आणि करुणा नसेल तर चौकस मूल सरड्याला दोरा बांधून त्याचे ‘निरीक्षण’ करते.

कुंपण कोणी घातले?

‘सरड्याची धाव कुंपणापर्यंत’ ही म्हण आपण सर्वांनी ऐकली आहे. ज्याची कुवत कमी त्याने मोठी स्वप्ने पाहू नयेत, असा तिचा रोख असतो. आपल्या समाजातील अनेकांना ही म्हण तोंडावर ऐकविली गेली आहे. या स्मरणिकेच्या वाचकांतही असे माजी विद्यार्थी असतील.

रानसरड्याचा अभ्यास केल्यावर ही म्हण आम्हाला उलटी वाचावीशी वाटते. बागसरडा कुंपणावर थांबतो, कारण कुंपण हेच त्याचे ऊन घेण्याचे आणि टेहळणीचे ठिकाण असते. रानसरड्याला तर कुंपण ठाऊकच नसते. त्याची धाव जंगल जेथवर आहे तेथवर. झाडी तुटली, सावली गेली, पाचोळा जळाला, की त्याची धाव संपते. तेव्हा दोष त्याच्या पायांचा नसतो. मर्यादा माणसाने आखलेली असते आणि दुबळेपणाचा शिक्का मात्र सरड्यावर बसतो.

नाशिककरांना हे वेगळे सांगण्याची गरज नाही. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारापुढे जे सत्याग्रही उभे राहिले, त्यांच्या पायांत बळ नव्हते असे कोण म्हणेल? दार बंद होते. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्यात बाबासाहेबांनी, हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले, तेव्हा कुंपणाच्या आत राहून दार ठोठावीत बसण्याचे कारणच उरले नाही. माणूस आणि सरडा यांची तुलना करण्याचा आमचा हेतू नाही. आमचे म्हणणे एवढेच की, ज्यांना कुंपणाचा अनुभव आहे त्यांनी दुसऱ्या जिवाच्या कुंपणाविषयी अधिक जागे असावे.

वणव्याचा प्रश्न

रानसरड्याचे कुंपण आज प्रत्यक्षात काय आहे, असे विचारल्यास आमचे उत्तर आहे : तुटती झाडी आणि वणवा. पावसाळ्यात हिरवेगार झालेले आपले डोंगर फेब्रुवारीपासून पिवळे पडतात आणि उन्हाळ्यात रात्री त्यांच्यावर आगीच्या माळा दिसू लागतात. गवत जाळले की पुढच्या वर्षी अधिक चांगले येते, ही समजूत त्यामागे असते. कधी पर्यटकांचा निष्काळजीपणा असतो, तर कधी निव्वळ गंमत.

येथे एक फरक केला पाहिजे. पश्चिम पट्ट्यातील भातशेतीत रोपे टाकण्यापूर्वी राब भाजतात. शेतकरी तो आपल्या वाफ्यापुरता भाजतो आणि आगीची राखण करतो. तो वणवा नव्हे. वणवा म्हणजे ज्याचा कोणी धनी नाही आणि ज्याला काही कारण नाही अशी आग. योगायोग पाहा, अशोकाच्या त्याच पाचव्या लेखात विनाकारण किंवा प्राण्यांना मारण्यासाठी वने जाळू नयेत, अशी स्वतंत्र आज्ञा आहे. आत जीव असलेले भुसे जाळू नये, असेही तेथे म्हटले आहे.

वणव्यात मोठी झाडे पुष्कळदा वाचतात, म्हणून डोंगर पुन्हा हिरवा झाला की नुकसान झालेच नाही असे वाटते. परंतु जळतो तो पालापाचोळा, त्यातील कीटक, खालची झुडपे आणि नवी रोपे. रानसरडा जगतो तो नेमका याच थरात, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत. त्याचे अन्न, आडोसा आणि झोपायची फांदी एकाच रात्रीत जाते. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी ओली, सावलीतली माती हवी असते. तीही उघडी पडून वाहून जाऊ लागते.

आपले अनेक माजी विद्यार्थी आज शिक्षक, ग्रामसेवक, पोलीस, परिचारिका व शेतकरी म्हणून जिल्हाभर काम करीत आहेत. त्यांना आमची विनंती आहे की, आपापल्या गावी होळीच्या आधी एकदा तरी वणव्याविषयी बोलावे. जाळपट्टा काढण्यासाठी, आग दिसताच वनखात्याला कळविण्यासाठी चार तरुण तयार करावेत. यासाठी निधी लागत नाही, मनुष्यबळ लागते, आणि ते आपल्याकडे आहे.

मुलांसोबत करावयाचे निरीक्षण

पालकांनी सुटीत मुलांबरोबर पुढील गोष्टी कराव्यात.

१. आवारातील एक सरडा निवडावा. त्याला हात न लावता दहा पावलांवरून रोज पंधरा मिनिटे, आठवडाभर पाहावे.
२. सकाळी, दुपारी व संध्याकाळी तो कोठे बसतो आणि त्याचा रंग कसा असतो, याची नोंद वहीत तारीख घालून करावी.
३. तो मान केव्हा हलवतो, हे पाहावे. जवळपास दुसरा सरडा आहे का, हेही पाहावे.
४. घरातील वडीलधाऱ्यांना सरड्याविषयीच्या समजुती विचारून लिहून घ्याव्यात. प्रत्येकीपुढे ‘पाहिले’ किंवा ‘ऐकले’ असे लिहावे.
५. घाटातील झाडीत जाण्याची संधी मिळाली तर मानेजवळची तिरपी घडी शोधावी. सरड्याला पकडू नये, घरी आणू नये.

समारोप

सहलीनंतरच्या आठवड्यात आम्ही सातवीच्या वर्गात अशोकाचा पाचवा स्तंभलेख शिकविला. या वेळी यादीच्या शेवटापासून सुरुवात केली. ‘जे उपयोगास येत नाहीत’ हे शब्द फळ्यावर लिहिले आणि त्या मुलाला म्हणालो, “तुझ्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला त्या दिवशी येत नव्हतं. आमचं उत्तर चुकलं होतं. खरं उत्तर हे आहे.”

त्याने ते शब्द वहीत उतरवून घेतले. मग हात वर करून विचारले, “सर, राजानं हे दगडावर का लिहिलं? कागदावर का नाही?”

वर्ग हसला. आम्ही मात्र त्याला पुढच्या तासाला त्याच विषयावर पाच ओळी लिहून आणायला सांगितले. तो पाच नव्हे, अकरा ओळी लिहून आला. शेवटची ओळ अशी होती : लोक विसरतात म्हणून.

त्या वहीवर आम्ही शेरा लिहिला नाही, फक्त सही केली. त्या ओळीला आमच्याकडून काही जोडण्यासारखे नव्हते.